धोंडू तेलवाल्याचं लाकूडफोडं यंत्र

धोंडूभाऊ,

तुम्हाला पत्र पाठवायला आता पत्ता उरलेला नाही, तरी एक गोष्ट कळवायलाच हवी. तुमचं लाकूडफोडं यंत्र चाळीच्या मागच्या अंगणात, नळाच्या बाजूला, होतं तिथेच उभं आहे आणि त्याचं तेलपाणी अगदी वेळच्या वेळी चाललंय. कसं, ते ऐकलंत तर कपाळावर हात माराल. दर दसऱ्याला तुम्ही त्याला कुंकू फासत होतात ना, त्याचा साठून साठून लालभडक थर झाला. नव्या भाडेकरूंना काय ठाऊक? त्यांना तो देव वाटला. आता शनिवारी कुणी ना कुणी येऊन त्याच्यावर वाटीभर तेल ओततं, रुईच्या पानांची माळ घालतं आणि हात जोडून नोकरी मागतं. परवा एक बाई मला विचारते, 'आजी, हा मारुती पावतो का हो?' मी म्हटलं, 'लाकूड ठेवलंस तर फोडतो.' फणकाऱ्याने निघून गेली.

तेव्हा म्हटलं, खरं काय ते एकदा लिहून टाकावं. पत्रात तुम्ही धोंडूभाऊ, पण गोष्टीत नुसता धोंडू म्हणणार आहे. मान देत बसले तर गोष्ट पुढे सरकायची नाही, आणि तेवढा धीर मला तरुणपणीही नव्हता.

*

धोंडू परब लालबागच्या एका गिरणीत रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, तेलवाला होता. तेलवाला म्हणजे लांब चोचीची बुधली घेऊन साच्यांच्या रांगांतून फिरायचं, कुठला स्पिंडल कोरडा बोलतोय ते कानाने ओळखायचं आणि नेमक्या जागी नेमकं तेल सोडायचं. कामाला प्रतिष्ठा बेताचीच. जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, ओरडायचा तो आधी त्याच्यावर. पण गावाकडे, कणकवलीच्या पलीकडे, धोंडूने असं सांगून ठेवलं होतं की अख्खी गिरण आपल्या तेलावर फिरते, आपण चार दिवस रजेवर गेलो की मालकाला झोप येत नाही. थोरला भाऊ नाना गावचं घर आणि आंब्याची कलमं सांभाळायचा. तो हे ऐकून नुसता पान चघळायचा.

धोंडूचा तेलाच्या बाबतीत सोवळ्यातल्या भटजीसारखा कटाक्ष होता. माणसाच्या पोटात कुठलंही तेल गेलं तरी चालतं, यंत्राचं तेल ठरलेलं असतं, हे तो येताजाता ऐकवायचा. दुसऱ्या माळ्यावरच्या बाईंनी, म्हणजे मीच ती, एकदा शिवणयंत्राला खोबरेलाचे दोन थेंब सोडले. धोंडू दारावरून चालला होता. वासावर आत आला, हातातली बाटली काढून घेतली आणि म्हणाला, 'बाई, यंत्र शिवायला घेतलंय की त्याची वेणी घालायचीय?' बाटली त्याने कोनाड्यात उंच ठेवली. अशी, की स्टूल घेतल्याशिवाय माझा हात पोचेना.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. पहिले काही आठवडे सगळ्यांनी सणासारखे घालवले. मग उन्हाळा आला, पाऊस आला, आणि खोल्यांना कुलपं दिसू लागली. कोकणातली कुटुंबं एकेक करून गावाला पांगली. धोंडूची बायको सुभद्रा पण तेच म्हणत होती. गावाला भात होतं, फणस होते, नानाच्या परड्यात चुलीपुरतं लाकूड होतं. इथे काय होतं? रॉकेलची रांग.

धोंडूला मात्र गाव नको होतं. तिथे गेलं की नाना पान चघळत म्हणणार, 'काय रे, गिरण थांबली वाटता तुझ्या तेलाबिगर?' आणि मग हातात कुऱ्हाड देऊन परड्यात पाठवणार. मुंबईत तो संपावरचा तेलवाला होता. गावात तो नुसता नानाचा धाकटा भाऊ. भोंगा वाजेल त्या दिवशी तो गेटावर पहिला हजर असायला हवा होता, आणि त्यासाठी मुंबईत टिकायला हवं होतं. बास, एवढाच त्याचा हट्ट.

रॉकेल मिळेना, म्हणून चाळीत पुन्हा चुली आणि तांब्याचे बंब आले. वखारीत अख्खे ओंडके स्वस्त पडायचे, फोडलेली लाकडं महाग. धोंडूने कुऱ्हाड आणली आणि स्वतःच्या घरापुरते ओंडके अंगणात फोडू लागला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून सुटलं, अंगणावरून उडालं आणि तळमजल्यावरच्या काशीबाईच्या खिडकीतून थेट तिच्या तव्यावर जाऊन बसलं. काशीबाई माहीमच्या कोळीवाड्यातली, दादरला मासे विकायची. आवाज असा की दादरचं गिऱ्हाईक परळला वळून बघेल.

'अरे मेल्या धोंडू!' ती दारात येऊन ओरडली. 'बोंबील तळत होते, त्याचं डोकं मीच उडवलं होतं. परत कशाला उडवतोस?'

चाळ कमिटीचे चिटणीस अप्पा निवृत्त कारकून होते. त्यांनी त्याच संध्याकाळी जिन्यात खडूने लिहिलं: अंगणात कुऱ्हाड चालवण्यास सक्त मनाई आहे.

'अप्पा, मग लाकडं काय दातांनी फोडू?' धोंडूने विचारलं.

'ते मनाईत येत नाही,' अप्पा म्हणाले.

मग धोंडू दारूखान्यात जाऊ लागला. तिथे जहाजं मोडून भंगार विकतात. एका भंगारवाल्याच्या गंजलेल्या कप्प्या त्याने खोलून, धुऊन, तेल घालून चालत्या करून दिल्या, आणि त्या बदल्यात ट्रक उचलायचा एक दणकट जॅक, चार लोखंडी खांब आणि जाड पत्र्याचा तुकडा उचलून आणला. त्याचं यंत्र झालं. खाली जॅक, त्यावर ओंडका उभा ठेवायचा. वर, खांबांच्या माथ्यावर, उलटी बसवलेली पोलादी पाचर. दांडा खाली-वर हलवत राहायचं, की जॅक ओंडक्याला वर उचलून पाचरीवर दाबतो. आधी काहीच होत नाही. मग लाकूड कण्हतं. मग 'फाट्!' करून दोन फाका होतात. उडणं नाही, आदळणं नाही. काशीबाईचा तवा सुखरूप.

कुऱ्हाडीपेक्षा हे काम चौपट हळू होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण धोंडू आता संपातला रिकामा माणूस राहिला नव्हता. त्याच्याकडे एक खातं होतं. सकाळच्या पाळीला तो गिरणीचा खाकी शर्ट घालून यंत्रापाशी उभा राहायचा. अख्खी चाळ ओंडके घेऊन यायची, फोडलेल्यातला वाटा त्याच्या चुलीला सोडायची.

आणि नियम तरी किती! खिळा असलेलं लाकूड आणायचं नाही. ओलं आणायचं नाही. दांड्यावरून ओलांडून जायचं नाही. काम संपलं की जॅक खाली बसवल्याशिवाय घरी जायचं नाही, कारण वर राहिलेला जॅक 'रात्रभर उभा राहून थकतो'. रोज भुसा झाडायचा, जॅकचा चकचकीत दांडा फडक्याने पुसायचा, पाचरीवरून कानस फिरवायची, आणि वरून गोणपाट. रविवारी सगळं खोलून सफाई. जॅकच्या पोटात चामड्याचा वॉशर होता, तेल दाबून धरणारा. तो काढून धोंडू उजेडात धरून असा न्याहाळायचा, जशी सोयरीक जुळवायला आलेली बाई मुलीचे दात बघते.

'ह्याच्या निम्म्यान माझ्याकडे बघितला असता तर?' सुभद्रा वरच्या गॅलरीतून म्हणायची.

'तू गळत नाहीस गो,' धोंडू खालून म्हणायचा.

दसऱ्याला यंत्राची पूजा झाली. झेंडूची माळ, कुंकू, नारळ. अप्पांनी भाषण केलं. सगळे आपट्याची पानं वाटून घरी गेल्यावर सुभद्राने धोंडूला यंत्रापाशी गाठलं.

'आयकलात? माझा एक ठरला. ह्या चालता तवर मी मुंबईत रवतलंय, एक अक्षर बोलूचंय नाय. पण ज्या दिवशी ह्या बंद पडतला, त्या दिवशी गाशा गुंडाळून गावाक.'

'बंद पडणार नाही,' धोंडू म्हणाला. 'तेलवाल्याच्या हातातलं यंत्र आहे.'

काशीबाईने खिडकीतून ऐकलं. म्हणजे पैज अख्ख्या चाळीला कळली.

नेमकं पुढच्याच आठवड्यात जॅकचं तेल संपलं. वॉशर झिजला होता, तेल झिरपून झिरपून डबा रिकामा झाला. नवं तेल मिळायचं नागदेवी स्ट्रीटला, आणि संपाच्या त्या दिवसांत धोंडूच्या घरी तांदूळ आणि तेल असे दोन प्रश्न एकदम सोडवायची सोय नव्हती. घरात एकच तेल भरपूर होतं. सुभद्राच्या माहेराहून आलेला घाण्याच्या खोबरेलाचा भला मोठा डबा.

धोंडूने दोन दिवस त्या डब्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सुभद्रा नळावर गेली होती, तेव्हा त्याने पातेलंभर खोबरेल काढलं, गोणपाटाखाली लपवून खाली नेलं आणि जॅकच्या पोटात ओतलं. ओतताना म्हणे त्याने यंत्राची माफी मागितली. हे त्याने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही इकडेतिकडे बघून.

आणि यंत्र काय चाललं! दिवाळीआधीचं ऊन, पातळ खोबरेल, लोण्यासारखा दांडा. बाभळीच्या गाठी त्याने अशा फोडल्या की बघत राहावं. चाळीतल्या बायका एवढंच म्हणायच्या, की हल्ली लाकडांना सणासुदीच्या अंघोळीसारखा वास येतो. धोंडू म्हणायचा, 'फणसाचं लाकूड असेल.' ओंडका आंब्याचा असायचा.

जानेवारीत मुंबईला अचानक बोचरा वारा सुटला. माणसं माकडटोप्या घालून दूध आणायला जाऊ लागली. आणि त्याच आठवड्यात सुभद्राचा भाऊ रामदास गावाहून आला. धिप्पाड गडी, हाताचे पंजे सुपाएवढे. नानाने मुद्दाम पाठवला होता. काजूचा हंगाम तोंडावर आला होता, माणसं हवी होती. रामदासने पिशवीतून नारळ काढले, चहा घेतला आणि स्पष्ट विचारलं, 'काय भावोजी, कधी निघूचा?'

'यंत्र चालू आहे,' धोंडू म्हणाला.

'खयचा यंत्र? दाखवा.'

'उद्या सकाळी बघ.'

सकाळी धोंडू उठला. हुडहुडी भरली होती. केसांना लावायला खोबरेलाची बाटली उलटी केली तर काही येईना. आत सगळं पांढरं, घट्ट. हे दर थंडीत व्हायचंच. त्याने बाटली गॅलरीच्या कठड्यावर उन्हात नेऊन ठेवली, खाकी शर्ट घातला, आणि यंत्र दाखवायला खाली उतरला. लक्षात घ्या, बाटली त्याने स्वतःच्या हाताने ठेवली.

अंगणात निम्मी चाळ जमली होती. बंब थंड, माणसं थंड, सगळ्यांना लाकूड हवं होतं. रामदास नळाच्या कट्ट्यावर उकिडवा बसला होता. धोंडूने गोणपाट काढलं, जॅकवर ओंडका ठेवला, दांडा हलवला. दांडा जागचा हलेना. जोर लावला, तर दांडा वाकला पण ओंडका तसूभरही वर येईना.

'गाठ आहे,' धोंडू म्हणाला आणि ओंडका बदलला. दुसऱ्या ओंडक्याचंही तेच. त्याने हवा काढायचा स्क्रू सैल केला. हवा नव्हती. जॅकला कान लावला. कोरडं बोलत नव्हतं, ओलंही बोलत नव्हतं. अजिबात बोलतच नव्हतं. त्याला काजूची बाग दिसली, पान चघळणारा नाना दिसला, दारामागची कुऱ्हाड दिसली.

'धोंडू, तुझ्या यंत्राला सर्दी झाली का रे?' काशीबाई म्हणाली.

अप्पा म्हणाले, 'संपात सामील झालं असेल.' सगळे हसले. धोंडू गुडघ्यांवर बसून वॉशर, स्क्रू, दांडा, पुन्हा वॉशर असं फिरत राहिला.

'कुणाकडे कुऱ्हाड आसा काय?' रामदासने बाह्या सारल्या. 'चाय थंड होवच्या आधी सगळा फोडून देतंय.'

'कुऱ्हाडीला मनाई आहे,' अप्पा म्हणाले.

'मग नुसते बसा.' रामदास हसला, आणि मग न बोलायचं ते बोलला. 'भावोजी, एक विचारू? गिरणीत तुमी खराच तेल घालीत होतास, का नुसती बुधली घेवन फिरत होतास?'

धोंडूचे कान लाल झाले.

तेवढ्यात काशीबाईने वर पाहिलं. 'अगं सुभद्रा, ती बाटली कुणाची कठड्यावर? कावळा पाडेल गं कुणाच्या तरी डोक्यावर!'

सुभद्रा वर गॅलरीतच उभी होती. तिने बाटलीकडे पाहिलं. आत पांढरं घट्ट खोबरेल, कडेने नुकतं पाघळू लागलेलं. मग तिने खाली यंत्राकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीकडे. डबा लवकर का उतरत होता, लाकडांना कसला वास येत होता, हे तिला त्या एका क्षणात उमजलं. गप्प राहिली असती तर पैज तिचीच होती. संध्याकाळची एस.टी., आणि चार दिवसांत काजूची बाग.

ती आत गेली. भावाच्या अंघोळीसाठी तिने उरल्यासुरल्या ढलप्यांवर बंब तापवला होता. ती कढत पाण्याची बादली घेऊन जिना उतरली, सगळ्यांना 'सरा, सरा' करत आली आणि जॅकवर, खांबांवर, अर्धं धोंडूच्या पायांवर असं ते पाणी धबाधबा ओतलं.

धोंडू टुणकन उडाला. 'अगो, काय करतेस?'

'हालवा आता.'

'पण...'

'हालवा म्हणतंय ना!'

धोंडूने दांडा धरला. पहिल्यांदा जड. मग किंचित सैल. मग जॅक हळूच वर सरकला, ओंडका पाचरीला टेकला, कण्हला, आणि 'फाट्!' अशा दोन फाका झाल्या. सगळ्या चाळीने टाळ्या पिटल्या. मागोमाग त्या गरम लोखंडातून वाफेबरोबर असा काही खोबरेलाचा दरवळ सुटला, की काशीबाई नाकाला पदर लावून किंचाळली, 'अगं आई! तेलवाल्याने यंत्राची वेणी घातली!'

तो शब्द त्याचाच होता, माझ्या खोबरेलावरून मला ऐकवलेला. मी वरून खाली बघितलं. धोंडूने वर बघायचं टाळलं.

'पण यंत्र बंद पडला होता,' रामदास म्हणाला. काशीबाईने त्याला रात्रीच सगळं ऐकवलं होतं. 'पैज म्हणजे पैज.'

'बंद खय पडला?' सुभद्रा कमरेवर हात ठेवून म्हणाली. 'थंडी वाजत होती त्याका. तुका नाय वाजत? आणि आयक, तुझ्या अंघोळीचा पाणी यंत्रान केला. तू आता थंड पाण्यान कर, आणि संध्याकाळची एस.टी. धर. नानांक सांग, सध्या आमका काम आसा.'

रामदासने थंड पाण्याने अंघोळ केली. त्याचं ओरडणं काशीबाईच्या तोडीचं होतं.

त्या दिवसापासून सुभद्राने गावाचं नाव काढलं नाही. खोबरेलाच्या डब्याला मात्र तिने कुलूप लावलं. गरज पडली की ती स्वतः मोजून द्यायची. थंडीत यंत्राला तिने विणलेला लोकरी गळपट्टा असायचा, जॅकच्या मानेभोवती दोन वेढे. धोंडू गिरणीत परत कधी गेला नाही. गिरणीने बोलावलंच नाही. दादरच्या एका मंगल कार्यालयात त्याला पाण्याच्या पंपाची देखभाल मिळाली, आणि आचाऱ्यांच्या चुलींसाठी लग्नसराईत अंगणातलं यंत्र दोन पाळ्या चालायचं. पुढे गॅस आला, बंब मोडीत गेले, फोडायला लाकूड उरलं नाही. तरी रविवारची सफाई चालूच. दसऱ्याचं कुंकूही.

*

तर धोंडूभाऊ, राहिलं आपलं काम.

त्या थंडीच्या दिवशीच दुपारी तुम्ही वर आलात. जॅकचा जुना वॉशर तुमच्या हातात होता. जॅकमध्ये तुम्ही वहाणेच्या चामड्याचा नवा कापून, तेलात भिजवून घातला होता. म्हणालात, 'बाई, तुमचं ऑफिस फोर्टात. नागदेवीला ह्या मापाचा वॉशर आणि जॅकचं खरं तेल मिळतं. आणाल का?' मी म्हटलं, 'शनिवारी आणते, त्यात काय!' तुम्ही जिन्यापर्यंत गेलात आणि परत आलात.

'आता नको,' म्हणालात. 'संपात घेतलेलं तेल यंत्राला लागायचं नाही. गिरणीच्या पगारातून आणू. संप मिटला की मी सांगतो. माप राहू द्या तुमच्याकडे.'

पुढे मी किती वेळा विचारलं. तुम्ही दरवेळी तेच: 'मिटला का संप? कुणी जाहीर केलं?' कुणी केलं नव्हतं. गिरणीची चिमणी पडली तेव्हा मी शेवटचं विचारलं. तुम्ही गळपट्टा घट्ट करत होतात, यंत्राचा. 'नाही' अशी मान हलवलीत.

वॉशर माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, बटणांच्या खाली, कडक होऊन गेलेला. गेल्या महिन्यात दाताच्या डॉक्टरकडून येताना नागदेवीवरून टॅक्सी गेली. वॉशरवाल्याचं एक दुकान उघडं होतं. टॅक्सी थांबवायला सांगितली, आणि मग म्हटलं, चल पुढे. तुम्ही अजून सांगितलेलं नाही.